नाटकांचा सीझन तोंडावर आला, प्रोसेसरवर दीड लाख घालावे का?

धानपट्टा (वडसा)

मंडळी, प्रश्न मोठा आहे. आधी पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

मी झाडीपट्टीतला गिटारवाला. धान निघाला, भाऊबीज झाली की आमची नाटकं सुरू होतात. रात्री दहाला पडदा उघडते आणि लोकं उजाडल्यावरच बोऱ्या झटकतात. रंगमंचाच्या पुढ्यात आम्ही चौघं: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि मी. उन्हाळ्यात लग्नातले ऑर्केस्ट्रा, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम. उरलेल्या वेळात घरचे दोन एकर.

सध्या झूमचा जी-वन-एक्स फोर आहे, म्हणजे पायानं गिटारचा आवाज बदलायचा प्रोसेसर. चार पेन्सिल सेलवर रात्र काढते, एवढे त्याचे उपकार. पण बटणं दोनच. लावणीच्या स्वच्छ आवाजावरून खलनायकाच्या एंट्रीवर जायचं तर मधले तीन पॅच (साठवलेले आवाज) ओलांडावे लागतात, आणि त्यातला एखादा नेमका मायलेकीच्या रडारडीत वाजून जाते. मागच्या सीझनला नायिका मरून पडली होती आणि माझ्या पायानं फ्लँजर (विमानासारखा घुमणारा आवाज) लागला. पब्लिक हसलं. मॅनेजरनं त्या नाईटचे पैसे दिले, पण कोणत्या तोंडानं दिले ते मले माहीत.

दोन सीझनचे साठवलेले आहेत, धानाचा बोनस आला तर दीड लाखाच्या वर जमते. डोक्यात तीन नावं आहेत: न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स, लाइन सिक्सचा हेलिक्स, बॉसचा जीटी-१०००. यूट्यूबवर तिन्ही भारी वाजतात, पण तिथं कोणाचीच लाइट जात नाही. घरची म्हणते, एवढ्या पैशात बोअरची मोटर नवीन येते आणि उरलेल्यात पोरीची फी. खोटं नाही तिचं.

सांगा आता.

तुटकी_तार (दारव्हा)

घे भाऊ. मोटर दरवर्षी जळते, प्रोसेसर एकदाच घ्यायचा आहे.

नळीवाला (नागपूर)

दीड लाखात चांगला ट्यूब अँप येते. डिजिटल म्हणजे फोटोतली तर्री. दिसते लाल, जिभेला काही नाही.

धानपट्टा (वडसा)

दादा, ट्यूब अँप बोलेरोत नाटकाच्या पेट्यांवर ठेवून गोंडपिपरीपर्यंत नेला तर नळ्या पोचतील की चुरा? आणि तो रंगमंचासमोर दणकावला तर नटाचा संवाद कोण ऐकंल? आमच्याइकडे माणूस नाटक पाहायले येते, गिटार ऐकायले नाही.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

क्वाड कॉर्टेक्स २०२२ पासून माझ्याकडे आहे आणि त्याआधी चार वर्षं हेलिक्स होता (नाव तेव्हाचंच आहे, हसू नका). म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हेलिक्स फ्लोअर २०१५ चा. वजन साडेसहा किलोच्या वर. एक्स्प्रेशन पेडल (पायानं पुढं-मागं करायचं) अंगातच आहे, बटणांशेजारी छोट्या उजळ पट्ट्या आहेत, त्यावर आपल्याला हवं ते नाव येतं. पॉवर सप्लाय आत, म्हणजे कॉम्प्युटरला लागते ती साधी कॉर्ड. ती विसरली तर आर्वीतसुद्धा मिळते.

क्वाड कॉर्टेक्स २०२१ मध्ये लोकांच्या हातात आला. दोन किलोच्या आत, सात इंचाचा टचस्क्रीन. बटणं दाबायचीही आणि फिरवायचीही, म्हणजे गेन वाढवायला वेगळा खुंटा शोधावा लागत नाही. पण पेडल अंगात नाही, वेगळं घ्या. अडॅप्टरही बाहेरचा, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा. तो कुठे विसरलात तर नाटक संपलं.

तुझ्या फ्लँजरच्या दुखण्यावर दोघांकडेही एकच औषध आहे. संपूर्ण प्रीसेट (तू म्हणतोस तो पॅच) बदलायचा नाही. तो बदलला की आवाजात क्षणभर खिंडार पडतं, कारण आतला सगळा हिशेब नव्यानं मांडला जातो. त्याऐवजी एकाच प्रीसेटमध्ये आठ अवस्था करून ठेवायच्या. हेलिक्समध्ये त्याला स्नॅपशॉट म्हणतात, क्वाडमध्ये सीन. पहिल्यात लावणी, दुसऱ्यात रडारड, तिसऱ्यात खलनायक. एक बटण दाबलं की ड्राइव्ह (फाटका आवाज) लागतो, डिले (पडसाद) वाढतो, रिव्हर्ब (घुमणं) कमी होतो, सगळं एकदम आणि मध्ये खिंडार नाही. आधीच्या डिलेची शेपटीही तुटत नाही.

क्वाडचं खरं वेगळेपण म्हणजे कॅप्चर. एखाद्या खऱ्या अँपला जोडलं की तो त्यात ठरावीक आवाज सोडतो, बाहेर काय आलं ते ऐकतो आणि काही मिनिटांत त्या अँपची नक्कल स्वतःत बसवतो. नळीवाल्यांचा अँप असा बोलेरोत नेता येईल, नळ्या नागपुरातच राहतील. पण खरं सांगतो, तीन वर्षांत मी स्वतः चार कॅप्चर केले. बाकी सगळे लोकांचे उतरवून घेतले आणि त्यातले दोन वापरतो.

जीटी-१००० बद्दल मी कमी बोलतो, माझ्याकडे कधी नव्हता. पेडल अंगात आहे, दणकट आहे, मित्राचा पावसात भिजूनही चालू आहे.

नळीवाला (नागपूर)

माझ्या अँपची नक्कल काढायची तर तर्री-पोहे खाऊ घालावे लागतील.

ऑर्गनवाली (ब्रह्मपुरी)

मी गिटार वाजवत नाही, पण अकरा सीझन गिटारवाल्यांच्या बाजूला बसून काढले, म्हणून बोलते.

भाऊ, तुझा गायक काळी एकमध्ये गाते आणि नायिका काळी चारमध्ये. मध्येच कोणाचा घसा बसला की अर्धा स्वर खाली. मी ऑर्गनवर हात सरकवते, तुमची मात्र कॅपोची, म्हणजे तारांवर आवळायच्या चिमट्याची, धावपळ. एक कडवं संपून दुसरं लागते आणि गिटार अजून स्क्रू आवळत असते. प्रोसेसर घेणारच असशील तर त्यात स्वर चढवता-उतरवता येते का ते आधी विचार. मला तुमचे पन्नास अँप नकोत, वेळेवर सुरात आलेली एक गिटार पाहिजे.

दुसरं. तुमचा आवाज भारी झाला की खालचा सगळा भाग माझ्या डाव्या हातावर येऊन बसते. मग दोघांचंही ऐकू येत नाही आणि तबलावाला चिडते.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

ताई, नेमका मुद्दा. हेलिक्समध्ये २०२० च्या ३.० अपडेटपासून पॉली कॅपो नावाचा ब्लॉक आहे. सहाही तारांचा सूर एकदम वर-खाली नेतो. स्नॅपशॉटला जोडला की बटण दाबताच काळी चार. पण दोन गोष्टी. एक, हा ब्लॉक आवाज किंचित उशिरा देतो, जलद वाजवताना बोटांना जाणवतं. दोन, स्पीकर लहान असेल तर गिटारच्या तारा स्वतः जो सूर देतात तोही कानावर येतो आणि दोन सूर एकमेकांना खातात. मोठ्या साउंडवर हा त्रास नाही.

तुटकी_तार (दारव्हा)

काळी एक म्हणजे सी शार्प नं? आमचा नवा पोरगा विचारून रायला.

ऑर्गनवाली (ब्रह्मपुरी)

हो. काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या घरात कॅपो लावून जीचा आकार धरला की झालं. त्याला म्हणा आधी हे पाठ कर, मग प्रोसेसरचं बघू.

कापूसकोंड्या (अकोट)

मी गिटार हौसेनं वाजवतो, पोट आयटीआयच्या वायरमन ट्रेडवर भरते. तुम्ही टोनवर भांडून रायले आणि मले मंडपातला बोर्ड दिसून रायला.

व्होल्टेज कमी झालं म्हणून घाबरू नका. रब्बीत रात्री सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की बल्बाचा कंदील होते, पण अशा मशीनचे सप्लाय बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालणारे असतात. मागच्या बाजूला किंवा अडॅप्टरवर छापलेलं असते, चष्मा लावून वाचा. १६० आले तरी ते कुरकुर करत नाही.

भीती उलटी आहे. मंडपात तात्पुरतं थ्री फेज ओढतात. त्यात न्यूट्रल ढिला असला आणि मध्येच सुटला की सिंगल फेजच्या सामानावर २३० च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकते. एका लग्नात माझ्या डोळ्यादेखत मिक्सर, दोन अँप्लिफायर आणि आइस्क्रीमचा फ्रीजर एकाच सेकंदात गेले. दीड लाखाचा डबा लावण्याआधी ओव्हर-व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर घ्या. प्रोसेसरच्या हिशेबात तो चिल्लर आहे.

आता झटक्याचं. माईकला ओठ लागला की चरचरते, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण असं की बोर्डाला अर्थिंग नसलं की सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे डब्याच्या पत्र्यावर साधारण अर्धा मेन्स व्होल्टेज तरंगत राहते. करंट अगदी थोडा, पण पत्रा तारेला जोडलेला, तार तुमच्या बोटाला आणि माईक मिक्सरच्या अर्थला. मधात तुम्ही. म्हणून प्रोसेसर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या आणि त्या बोर्डाचं अर्थिंग टेस्ट लॅम्पनं पाहा. गुणगुण बंद व्हावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग आहेत, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. गुणगुण तोडायची तर डीआय बॉक्सचा (गिटार आणि मिक्सरच्या मधली डबी) ग्राउंड लिफ्ट वापरा. तो फक्त सिग्नलची वायर सोडते, जीव वाचवणारी नाही.

लाइट जाण्याचं: कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस, ६०० व्हीएचा. जनरेटरवाला बिडी टाकून हँडल मारेपर्यंत तेवढा पुरते.

फेडर_खाली (नागपूर)

साउंडवाल्यांची बाजू मांडायला कोणीतरी पाहिजे, म्हणून आलो. पंधरा वर्षं मिक्सरमागे उभा आहे.

गिटारवाला नवीन प्रोसेसर घेऊन येते तेव्हा घरी बनवलेले प्रीसेट घेऊन येते. घरी म्हणजे हेडफोनवर, रात्री, बायको-पोरं झोपल्यावर, हळू आवाजात. हळू ऐकताना माणसाच्या कानाला बास आणि वरची चकाकी कमी लागते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. म्हणून तो दोन्ही वाढवते. तोच पॅच मैदानात दहापट आवाजात लावला की खाली ढोल आणि वर पत्रा. मग मी ईक्यू कापतो आणि तो म्हणते साउंडवाल्यानं माझा टोन मारला.

तुमची सर्वात खालची तार ८२ हर्ट्झची. ८० ते १०० च्या खाली गिटारमध्ये कामाचं काही नसते. तिथं लो कट (खालचा आवाज गाळणारा फिल्टर) लावा, ऑर्गनवाल्या ताईंचा डावा हातही मोकळा होईल. गिटारचा खरा बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून हाय कट सहा ते आठ हजारांत कुठंतरी. धानपट्टा, तुझी ती माशीची घोंघाव... नाही, तू लिहिलं नाहीस, पण असणारच. ड्राइव्हवर माशी घोंघावते नं? कॅबिनेटचा ब्लॉक बंद असेल. ड्राइव्ह थेट पीएमध्ये (मोठ्या साउंडमध्ये) गेला की ज्या उंच आवाजाला स्पीकर गाळतो तो सगळा बाहेर येते. कॅबिनेटचा ब्लॉक चालू कर, मग झूमसुद्धा माणसात येईल.

पुढचं. मी तुम्हाला एकच चॅनल देतो. तुम्ही कितीही सुंदर स्टिरिओ डिले बनवा, डावीकडचा टप्पा वाजेल आणि उजवीकडचा हवेत जाईल. घरीच सगळं मोनो करून या. आउटपुटची पातळी माईकची आहे की लाइनची ते आधी सांगा. हेलिक्समध्ये ती निवडता येते, पण निवडलेली कोणालाच आठवत नाही. आणि एक्सएलआर वायर खुपसण्याआधी माझ्या मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम (माईकला वायरीतून जाणारा करंट) चालू आहे का ते विचारा. विचारल्यानं मी चावत नाही.

शेवटी, गावात अजून भोंगे आहेत. भोंग्यातून खालचं जात नाही, वरचं जात नाही, फक्त मधलं ओरडते. तिथं क्वाड, हेलिक्स आणि झूम यांच्यातला फरक ओळखणाऱ्याला मी माझी गाडी देतो.

धानपट्टा (वडसा)

फेडरभाऊ, घोंघाव आहे. कॅबिनेटचा ब्लॉक लावून पाहिला आत्ताच. मले रडू येऊन रायलं. चार वर्षं माशी ऐकली.

तुटकी_तार (दारव्हा)

मग झालं. झूमच ठेव, मोटर घे.

धानपट्टा (वडसा)

बटणं दोनच आहेत बे अजून.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

फेडरभाऊंशी भोंग्यापर्यंत सहमत. पण हाताला लागणारा फरक भोंग्यातून मोजू नये. चांगल्या मॉडेलिंगमध्ये तार हळू छेडली की आवाज स्वच्छ होतो, जोरात मारली की फाटतो. व्हॉल्यूमचा खुंटा कमी केला की ड्राइव्ह विरघळतो. वाजवणारा त्यामुळे वेगळं वाजवतो. पब्लिकला ते कळत नसेल, पण रात्रभर वाजवणाऱ्याला कळतं.

उशिराबद्दलही कोणीतरी विचारेल, म्हणून आधीच सांगतो: या मशीनमधून आवाज दोन-तीन मिलिसेकंदांत बाहेर येतो. आवाज हवेतून तीन मिलिसेकंदांत मीटरभर जातो. म्हणजे अँपपासून एक पाऊल मागे सरकून उभं राहण्याइतका उशीर. पॉली कॅपो वगळता त्याची चिंता करू नये.

ऑर्गनवाली (ब्रह्मपुरी)

टचस्क्रीनचं कोणी बोललं नाही. आमचा ऑक्टोपॅडवाला खर्रा घोटून त्याच हातानं सगळ्यांच्या वस्तू बघते. आणि पौषातलं दव? पहाटे तीनला ऑर्गनच्या झाकणावरून पाणी ओघळते. दिव्यावरचे धानाचे तुडतुडे पट्ट्यांवर बसतात ते वेगळेच.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

खर्ऱ्याला कुठल्याच कंपनीची वॉरंटी नाही, ताई. दवासाठी पारदर्शक प्लास्टिक टाकलं तरी टच चालतो. बटणांवर मात्र पाय घसरतो.

तुटकी_तार (दारव्हा)

वॉरंटीवरून आठवलं. आता मस्करी बाजूला. माझ्या पार्टनरनं परदेशातून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून प्रोसेसर मागवला. कस्टम ड्युटी वाचली, जीएसटी वाचला, गावभर पेढे वाटले. सातव्या महिन्यात डिस्प्ले गेला. इथला विक्रेता म्हणते बिल आमचं नाही. तिकडचा दुकानदार म्हणते डबा आमच्याकडे पाठवा. पाठवायचं भाडं ऐकून त्यानं खाटेवर अंग टाकलं. शेवटी एका मोबाइल रिपेअरिंगवाल्या पोरानं रिबन केबल काढून परत बसवली आणि चाललं. पण मधले चार महिने गेले, आणि त्या चारात आमचा एप्रिल होता.

म्हणून सांगतो, जे घ्यायचं ते भारतातल्या बिलावर घे. आणि दुरुस्तीला कुरिअरनं मोठ्या शहरात जाणार हे धरूनच चाल. तेवढ्या दिवसांसाठी हातात दुसरं काय आहे? झूम विकू नकोस. हा माझा एकमेव शहाणा सल्ला, सेव्ह करून ठेव.

कापूसकोंड्या (अकोट)

रिबन केबल उंदरानंही खाल्ली असंल.

फेडर_खाली (नागपूर)

सेकंडहँडचं बघ. लाइन सिक्सनं २०२५ मध्ये हेलिक्स स्टेडियम जाहीर केल्यापासून जुनं विकणारे वाढले आहेत. २०१५ चं डिझाइन आहे म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. तुझ्या कामाला त्यातलं निम्मंही लागत नाही. फ्लोअर जमत नसेल तर हेलिक्स एलटी बघ. आतलं डोकं तेच, बटणांवरच्या नावाच्या पट्ट्या नाहीत, माईकचं इनपुट नाही, मागची भोकं कमी. घेताना प्रत्येक बटण वीसदा दाब, पेडल पुढं-मागं करताना आवाज तुटते का ऐक, आणि फॅक्टरी रीसेट करून पाहा. विकणारा घाई करत असेल तर उठून ये.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

दिवाळीला आर्वीला येतोय. क्वाड सोबत असेल. धानपट्टा, तू ये किंवा मी येतो. प्रयोगाला लावून बघ, मगच ठरव.

धानपट्टा (वडसा)

तुम्हीच या दादा. नाटकही पाहून जा. कांबळं घेऊन या.

*

धानपट्टा (वडसा)

मंडळी, अडीच महिन्यांनी धागा वर काढतो. तीन जणांनी मेसेज करून विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

सहावी_ओळ दादा भाऊबीजेनंतर आले. सिंदेवाहीच्या पुढं एका गावात प्रयोग होता. संध्याकाळी तालमीत क्वाड लावला. खोटं बोलत नाही, पहिली तार छेडली आणि दोन मिनिटं कोणाशी बोललो नाही. हातात काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटत होतं. तबलावाल्यानं मान वर केली. त्यानं आजवर माझ्यासाठी मान वर केली नव्हती.

दादांनी पाच सीन लावून दिले. पहिल्या अंकात एक चूक नाही. खलनायक आला, मी पाय ठेवला, ड्राइव्ह लागला, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्या खलनायकाला होत्या हे मले समजते, तरी.

दुसऱ्या अंकात लाइट गेली. यूपीएस मी आणला नव्हता. कापूसकोंड्या भाऊ, शिव्या नंतर द्या. जनरेटर लागला, पण क्वाड पुन्हा उठून उभा राहीपर्यंत गाण्याचं एक कडवं ऑर्गन आणि तबल्यावर गेलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी बॅगेतून झूम काढला, सेल घातलेलेच होते, जॅक बदलला आणि दुसऱ्या कडव्याला आत आलो. दादा बाजूला बसून कांबळ्यात हसत होते. स्वतःचं मशीन आपटलं तरी हसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. माझी जुनी सिंगल कॉइल पिकअपची गिटार रंगमंचाच्या डिमरवर भुंगा सोडते. वर दिवे मंद केले की भुंगा मोठा. दीड लाखाच्या मशीनच्या नॉइज गेटनं तो फक्त मी थांबलो की थांबला, वाजवताना होताच. नंतर हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप) असलेली दुसऱ्याची गिटार लावली, भुंगा जवळपास गेला. दुसरं म्हणजे पेडल. क्वाडला ते वेगळं जोडायचं, तिसरी वायर, तीही अंधारात, नटांच्या पायाखाली. विदूषक एकदा तिच्यात अडकला. पब्लिकला वाटलं नाटकातलंच आहे.

ऑर्गनवाली (ब्रह्मपुरी)

माझी साक्ष. पहिल्या अंकात मला माझा डावा हात ऐकू आला. मशीनमुळे की लो कटमुळे ते मला सांगता येत नाही.

फेडर_खाली (नागपूर)

लो कटमुळे.

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

दोन्हीमुळे म्हणा, माझे पैसे गेलेत.

नळीवाला (नागपूर)

नाटक कसं होतं?

सहावी_ओळ (पुणे, मूळ आर्वी)

रडलो. दोनदा. आणि पहाटे चारला मिळालेला चहा पुण्यात कुठेच मिळणार नाही.

तुटकी_तार (दारव्हा)

भाऊ, घेतलं काय ते सांग नं. बोनस आला का?

धानपट्टा (वडसा)

बोनस अजून यायचा आहे. येईल तेव्हा येईल.

अमरावतीचा एक जण हेलिक्स एलटी विकत होता, घरातच वापरलेला, भारतातलं बिल, खोकं, सगळं. फेडरभाऊंनी सांगितलं तसं प्रत्येक बटण वीसदा दाबलं. तो कंटाळून आत जाऊन जेवून आला. पेडल स्वच्छ. नव्या क्वाडच्या निम्म्याहून कमी पैशात आला, किती ते इथं लिहीत नाही, घरची कधीकधी हे वाचते.

नावाच्या पट्ट्या नाहीत याची आधी हुरहूर होती. पण बटणाभोवतीच्या दिव्यांचा रंग बदलता येते. लाल म्हणजे खलनायक, निळा म्हणजे रडारड, पिवळी लावणी, हिरवा साधा. अंधारात वाचण्यापेक्षा रंग बरा. काळी चारचा पॉली कॅपो एका बटणावर आहे, तो जांभळा. संथ गाण्यात चालते, जलद लावणीत मी अजून खराच कॅपो लावतो, कारण बोटाला उशीर खरंच लागते. दादा बरोबर बोलले होते.

यूपीएस घेतला, ६०० व्हीएचाच. प्रोटेक्टर घेतला. नाटकवाल्यांच्या बोर्डावर अर्थिंग बघतो तेव्हा मॅनेजर म्हणते हा आता इंजिनिअर झाला. नऊ प्रयोग झाले, दोनदा लाइट गेली, दोन्हीदा मशीन जागंच राहिलं. वजन मात्र जाणवते. पाठीला गिटार, पुढं टाकीवर एलटी, स्प्लेंडरवर वडशाहून निघालो की चौकातले लोकं विचारतात, तिजोरी कुठं घेऊन चालला?

झूम बॅगेतच आहे. सेल दर महिन्याला बदलतो.

क्वाड डोक्यातून गेला का? नाही गेला. तालमीतली ती दोन मिनिटं अजून आठवतात.

नळीवाला (नागपूर)

नागपूरला येशील तेव्हा ये, अँप दाखवतो. पोहे तुझ्याकडून.

कापूसकोंड्या (अकोट)

शिव्या माफ. उरलेल्या पैशाचं काय केलं?

धानपट्टा (वडसा)

मोटर घेतली.

कापूसकोंड्या (अकोट)

किती एचपी? स्टार्टर कोणता लावला? बोअर किती फुटांचा आहे? आणि केबल जुनीच ठेवली का?

धानपट्टा (वडसा)

तीन एचपी. केबल जुनीच आहे.

कापूसकोंड्या (अकोट)

अबे! आधी केबलचा फोटो टाक.